राजी असल्याचा कागद

मखमलीचं काम आलं की कारखान्यातले आवाज बारीक होतात. यंत्रं तीच, माणसं तीच, काकांचा घसाही तोच. पण छतापासून जमिनीपर्यंत कापड टांगलं की ते सगळं पिऊन टाकतं. दोन हातांच्या अंतरावर उभं राहून बोलणारा माणूस पलीकडच्या खोलीतून बोलतोय असं वाटतं. त्यात गेले तीन आठवडे लाल मखमल. तिची लव हवेत तरंगायची, भुवयांवर बसायची, चहात पडायची, घरी गेल्यावर उशीवर सापडायची. "आता स्वप्नंसुद्धा लाल पडायला लागलीत," असं आत्या म्हणाली, तेव्हा कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांनाच तशी पडत होती.

रविवारी दुपारी नाट्यगृहाच्या पडद्याचा डावा भाग पहिल्यांदा पुरता वर चढला. कामगारांना सुट्टी होती, म्हणून घरचीच माणसं दोराला लागली. काका ओढत होते. त्यांचा मुलगा मीटर कप्पीवर लक्ष ठेवून होता. लहानपणी मांजराच्या शेपटीपासून आत्याच्या नाकापर्यंत सगळं टेपने मोजत सुटायचा, तेव्हापासून हे नाव त्याला चिकटलेलं. ताई खालची दुमड हातावर घेऊन पडदा जमिनीला लागू देत नव्हती. आणि ताईचे वडील, ज्यांना अख्खा कारखाना मास्टर म्हणतो, ते कापायच्या लांब टेबलाला टेकून, डोळे बारीक करून वर बघत होते.

"दिवा लाव," काका म्हणाले.

मीटरने मोठा दिवा लावला. नऊ पट्टे एकमेकांना जोडून झालेला तो पडदा उजळला, आणि डावीकडून चौथा पट्टा वेगळा दिसला. रंग लालच होता, पण उन्हात वाळत घालून विसरल्यासारखा.

काय झालं ते सगळ्यांना कळलं. मखमलीची लव एका बाजूला झुकलेली असते. सगळ्या पट्ट्यांची लव एकाच दिशेला असेल तरच दिव्याखाली रंग एक दिसतो. म्हणून कापतानाच पट्ट्याच्या पाठीवर खडूने बाण काढतात: लव या बाजूला, हे टोक खाली. शिवणारा तो बाण बघून जोडतो. आणि या घरात बाण एकच माणूस काढतो. मास्टरांच्या आजीने घालून दिलेला हा नेम. दोन हातांनी बाण काढले की पडद्याला दोन मतं होतात, असं ती म्हणायची. तिच्याकडून खडू मास्टरांच्या आईकडे आला, आईकडून मास्टरांकडे, त्याला आता अठ्ठेचाळीस वर्षं झाली. नेमाला एक पुरवणीही होती: खडू कुणी मागायचा नाही.

काकांना वाटलं होतं की असा दिवस आला तर आपल्याला बरं वाटेल. मी म्हणत नव्हतो का, असं म्हणता येईल. पण तसं काही वाटलं नाही. गेल्या थंडीतली ती गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. त्यांचा दादा, म्हणजे मास्टर, तापलेल्या इस्त्रीवर बोट टेकवून गिऱ्हाइकाशी गप्पा मारत उभा होता. बोट टेकलेलं होतं, आणि दादा हसत होता. काकांनीच झडप घालून त्याचा हात बाजूला केला, तेव्हा दादा म्हणाला, "काय रे, काय झालं?" संध्याकाळी बोटाला टरटरून फोड आला होता. तेव्हापासून काकांना माहीत होतं की ज्या बोटांवर या घराची भिस्त आहे, त्यांना काही लागत नाही. तरी ते चार महिने मूग गिळून बसले. मग आठ दिवसांपूर्वी त्यांनी एक कागद टाईप करून आणला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"दादा, बस जरा," ते म्हणाले.

"बसतो. आधी तो पट्टा बघू दे."

"त्याच्याबद्दलच बोलायचंय."

"चूक माझी आहे," मास्टर म्हणाले. "बाण माझा, चूक माझी. उसवू आणि फिरवून लावू. कड्या अजून ठोकल्या नाहीत, हे नशीब."

"या वेळी नशीब. पुढच्या वेळी?"

याच वेळी आत्या जेवणाचे डबे घेऊन जिन्यावरून वर आली, मागे आतोबा. रविवारचं जेवण कारखान्यातच करू असा निरोप काकांनी सकाळी धाडला होता, आणि आत्याला तेव्हाच शंका आली होती, कारण काकांना कारखान्यात खरकटं चालत नाही. आत शिरल्याशिरल्या तिने पडद्याकडे पाहिलं. याच घरची मुलगी ती. चौथा पट्टा तिला डब्यांसकट दारातूनच दिसला.

"अगं बाई," ती म्हणाली आणि डबे टेबलावर ठेवून थेट भावाजवळ गेली. "दादा, डोळे दाखवलेस का रे? मी कधीची सांगतेय."

"डोळे ठीक आहेत."

"मग?"

काकांनी खिशातला कागद काढला. त्यांनी तो आतोबांपुढे धरला. "तुम्हीच वाचा. तुमचं आयुष्य वाचण्यात गेलंय."

ते खरंच होतं. आतोबांनी एकतीस वर्षं एका छापखान्यात शब्दकोशाची मुद्रितं तपासली होती. त्यांतली बरीच वर्षं एका 'र'मध्येच गेली, त्यामुळे त्या अक्षराचे शब्द त्यांना सोयऱ्यांसारखे वाटत: कोण कुठून आलं, कुणाचं कुणाशी पटत नाही, सगळं ठाऊक. कागद हातात येताच दुसरा हात आपोआप खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला. त्यांनी चष्मा सरसावला.

"'मी, खाली सही करणार, प्रकृतीच्या कारणास्तव, मुख्य कापणाऱ्याच्या जागेचा स्वखुशीने राजीनामा देत आहे. माझ्यानंतर ही जागा माझ्या पुतण्याने सांभाळावी.'" आतोबा थांबले. "'स्वखुशीने राजीनामा' म्हणजे पिवळा पीतांबर झाला."

"तुमची पेन्सिल आत ठेवा," काका म्हणाले. "उद्या दहा वाजता नाट्यगृहाची माणसं येणार आहेत."

"मला कुणी विचारलं?" मीटर म्हणाला. "पुतण्या म्हणजे मीच ना?"

"तू गप्प बस."

"मी मोजतो, बाबा. मला लव कळत नाही. फोनवर फोटो काढून रंग तपासला तर कळते, हाताने नाही."

"शिकशील."

आत्या आत्तापर्यंत काकांच्याच बाजूची होती. दादाने आता दमाने घ्यावं, उन्हात बसावं, असं तिला मनापासून वाटत होतं. पण तिची नजर कागदावरच्या तारखेवर पडली.

"ही तारीख आठ दिवसांपूर्वीची आहे," ती म्हणाली. "पडदा तर आत्ता वर गेलाय."

काकांचे कान लाल झाले. अर्थात त्या दालनात सगळ्यांचेच होते.

"म्हणजे दादा चुकायची वाटच बघत होतास," आत्या म्हणाली. "आणि मला डबे घेऊन बोलावलंस पंच म्हणून. भावाचं वाटोळं बघायला मी भाजी करून आणली!"

"वाटोळं कसलं? ही जागा काही जन्माची नाही. पायउतार व्हायचं एक वय असतं."

"उतरायला आधी चढलेला तरी असावा लागतो. दादा आयुष्यभर या टेबलापाशी पायांवरच उभा आहे."

मास्टरांनी आतोबांकडे बघितलं. "तो पिवळा पीतांबर कसा काय?"

आतोबांना एवढंच हवं होतं. पण ते उगाच फुशारून बोलले नाहीत. सोयऱ्याची खुशाली सांगावी तसं सांगू लागले. "राजी म्हणजे तयार, खूश. शब्द मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. नामा म्हणजे लिहिलेला कागद. राजीनामा म्हणजे, मी राजी आहे असं लिहून दिलेलं. एवढंच. पूर्वी भांडण मिटलं की फिर्याद करणारा असा कागद द्यायचा: माझं समाधान झालं, आता तक्रार नाही. जागा सोडण्याचा अर्थ मागाहून चिकटला. मग हळूहळू माणसं तोंड पाडून, दार आपटून राजीनामे द्यायला लागली, आणि आतला राजी कुणाला दिसेनासा झाला. प्रकृतीचं कारण यात बसत नाही, एवढंच मी म्हणतो. प्रकृती बिघडली म्हणून सोडणं म्हणजे राजी असणं नव्हे."

"मग हा नाराजीनामा झाला," आत्या म्हणाली.

पडद्याने तिचं हसू गिळलं. मास्टर आपल्या दहा बोटांकडे बघत होते. "मी राजी नाही," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? बोटं गेलीत, हे खरं आहे. याला ठाऊक आहे, इस्त्रीच्या दिवसापासून. सही करायला लावलीत तर करीन. पण राजी नाही."

ताई इतका वेळ दुमड हातावर घेऊन तशीच उभी होती. हात भरून आले होते. तिच्या कामाच्या झग्याच्या खिशात, रुमालाच्या पुरचुंडीत, खडूचा एक तुकडा होता.

दोन वर्षं झाली त्याला. पहिल्यांदा निळ्या पडद्याच्या वेळी तिने बाबांचा बाण चुकलेला पाहिला. बाबा चहाला गेले होते. तिने ओल्या फडक्याने तो पुसला, बरोबर दिशेने नवा काढला आणि कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? खडू मागायचा नसतो. पुढच्या महिन्यात दोन, मग पाच. ती सगळ्यांच्या आधी यायची, पट्ट्यांवर हात फिरवायची, पुसायची, काढायची. तिच्या बोटांना लव अशी कळायची की चालता चालता कुणाच्या अंगावरचा कोट चुकीचा कापलेला आहे हे ती खांद्याच्या नुसत्या ओझरत्या स्पर्शाने सांगू शकली असती. हे काम आपलं आहे, ही गोष्ट तिला इतकी लख्ख ठाऊक होती की रात्री हात उशीखाली ठेवून झोपावं लागे. आणि सकाळी बाबा म्हणायचे, "ताई, दोरे घे."

गेल्या बुधवारी हा चौथा पट्टा. बाण उलटा होता. तिचा हात खिशात गेलाही. तेवढ्यात बाबा फोनवर कुणाला तरी सांगत होते, "बाण मीच काढतो. आमच्याकडे दुसरा हात लागत नाही." तिचा हात खिशातच राहिला. ती चहाला गेली. परत आली तेव्हा पट्टा शिवून झाला होता.

"मी पाहिलं होतं," ती म्हणाली.

"काय?" काकांनी विचारलं.

"चौथ्याचा बाण. बुधवारीच पाहिला. पुसला नाही." तिने दुमड सोडली, खिशातून पुरचुंडी काढली आणि खडूचा तुकडा टेबलावर ठेवला. "बाकीचे पुसले होते. दोन वर्षं पुसतेय."

काकांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा सगळा राग मोठ्या भावावरून उठून पुतणीवर जाऊन बसला. "म्हणजे जाणूनबुजून? दुसऱ्याचा पडदा तू जाणूनबुजून बिघडू दिलास?"

"हो."

"अगं, घराचं नाव..."

"घराचं नाव दोन वर्षं तिनेच राखलं की," आत्या म्हणाली. "एकदा हात आवरला तर लगेच फाशी?"

"एकदाच आवरला, पण आवरला!"

"ताई," मीटर हळूच म्हणाला, "मला तरी सांगायचंस."

ताईला कुणाचंच नीट ऐकू येत नव्हतं. ती बाबांकडे बघत होती. बाबा रागावतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे रडतील, अशी तिने मनाची तयारी केली होती. मास्टर जागचे हलले. पडद्याच्या मागच्या बाजूला गेले आणि कापड हाताने थोडं उचलून धरलं. "इकडे या सगळे."

सगळे मागे गेले. पाठीवर नऊ बाण होते. चौथ्या पट्ट्यावरच्या बाणाला खालच्या टोकाशी एक छोटी वळलेली शेपूट होती. आणखी तीन-चार बाणांना होती. बाकीचे बाण सरळ, बिनशेपटीचे.

"शेपूट माझ्या हाताची खोड आहे," मास्टर म्हणाले. "आई ओरडायची, पण गेली नाही. हे बिनशेपटीचे माझे नव्हेत. निळ्या पडद्यावर पहिला दिसला तेव्हाच ओळखलं."

"तुम्हाला माहीत होतं?" ताईचा आवाज इतका लहान झाला की मखमलीला गिळायलाही काही उरलं नाही.

"दोन वर्षं."

"मग खडू दिला का नाहीत?"

"तू मागितला का नाहीस?"

"मागायचा नसतो! तुम्हीच शिकवलंत!"

"हो," मास्टर म्हणाले. ते खाली मान घालून बोलू लागले, आणि हे त्यांनी याआधी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, बहिणीलासुद्धा नाही. "मला आईने विचारलं नव्हतं. बावीस वर्षांचा होतो. एका वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायला मला घेतलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. आईने रात्री जेवताना ताटाशेजारी खडू ठेवला. बोलली काही नाही. मी हात धुतले आणि उचलला. तुझ्या ताटाशेजारी तो ठेवायला माझा हात होईना. म्हटलं, तू नेम मोडून मागशील, तेव्हा कळेल की तुला हवाय. तोवर मी सांभाळतो. आणि खोटं नाही बोलत, तू मागत नव्हतीस तोवर तो माझ्याकडे राहत होता, तेही बरं वाटत होतं."

आत्याने पदर डोळ्यांना लावला. "क्लॅरिनेट विकलं म्हणालास तू. नवे बूट घेतले म्हणालास."

"बूट घेतले होते."

ताई रडू लागली. राग, लाज, आणि सगळ्यात जास्त त्या दोन वर्षांच्या पहाटा. एकाच घरात दोन माणसं एकमेकांचे बाण वाचत होती, आणि बोलत होती ती दोऱ्यांबद्दल.

आतोबा घसा खाकरून म्हणाले, "एक राहिलं. जमिनीच्या जुन्या कागदांत राजीनामा एकटा नसायचा. सोडणारा राजीनामा द्यायचा आणि घेणारा कबुलायत लिहून द्यायचा, की मी घेतो, मला कबूल आहे. जोडीने."

"आतोबा," काका म्हणाले, "शब्द उसवून झाले असतील तर आता पट्टा उसवू या."

हे मात्र कुणालाही खोडता आलं नाही. पडदा खाली उतरवला. वरची जाड पट्टी चौथ्या पट्ट्यापुरती सोडवली, खालची दुमड उघडली, मग दोन्ही बाजूंच्या लांब शिवणी. आत्या आणि काका एका शिवणीवर समोरासमोर बसले, मीटर आणि आतोबा दुसऱ्या. टाके उसवायची बारीक सुरी आतोबा पेन्सिलीसारखी धरत होते आणि प्रत्येक टाक्याला "रद्द" म्हणत होते. तिसऱ्या फुटापर्यंत आत्या काकांशी बोलत नव्हती. पाचव्या फुटाला म्हणाली, "भाजीत मीठ कमी आहे, आधीच सांगते." काकांना त्यातलं कळायचं ते कळलं.

उन्हाची तिरीप छतातल्या काचेतून खाली आली आणि हळूहळू टेबलापर्यंत सरकली. लाल लव तिच्यात वरखाली होत राहिली. कुणाला घाई वाटेना. उद्या दहाची वेळ होती तरी वाटेना. मखमलीत काम करताना वेळेचं असंच होतं.

सुटा झालेला पट्टा चौघांनी उचलून टेबलावर नेला. जिना मध्ये येतो म्हणून एकदा फिरवला, टेबल अरुंद म्हणून पुन्हा फिरवला. ताईने जुना बाण आधीच ओल्या फडक्याने पुसला होता. सुलटी बाजू वर करून पट्टा पसरला, आणि काकांनी विचारलं, "आता वरचं टोक कुठलं?"

ताईचा हात पुढे झाला. पण मास्टर आधीच वाकले होते. सवयच ती. त्यांनी तळवा फिरवला. काही कळलं नाही. लाकडावरून फिरवला असता तरी तेवढंच कळलं असतं. लव कशी पडलीय ते उजेडात तिरकं बघावं म्हणून ते आणखी वाकले, पाठीत कळ आली, आणि तोल जाऊन त्यांचा गाल मखमलीवर टेकला.

ते तसेच राहिले.

गालाला ती लागली. अठ्ठेचाळीस वर्षं बोटांना लागायची तशी, छे, त्याहून जवळून. मान थोडी पुढे नेली तर लव मऊसूत निजत होती, मागे आणली तर उठून अंगावर येत होती. मास्टरांनी डोळे मिटले. कापडाला नव्या रंगाचा वास होता, आणि त्यांना वाटलं आपण फार लहान आहोत, टेबलाखाली कतरणांच्या ढिगात निजलो आहोत, आणि वर आई कापते आहे.

"दादा?" आत्या घाबरली. "अरे, काय होतंय?"

"खिडकीकडचं टोक खाली," मास्टर म्हणाले.

मीटरने फोन तिरका धरून फोटो काढला. "बरोबर."

"पुन्हा फिरवा. मी बघत नाही."

त्यांनी चार वेळा तसं केलं: कधी फिरवला, कधी गंमत म्हणून फिरवल्यासारखं करून न फिरवता ठेवला. मास्टरांनी डोळे मिटूनच गाल टेकला, चारही वेळा. चारही वेळा बरोबर.

काका जोरात हसले. खरोखरचं हसू होतं ते, लहानपणी दादाने झाडावरून उतरवल्यावर हसायचे तसं. "गाल! अरे, गाल आहे की! बोटं गेली तर जाऊ देत. मग राजीनामा हवाय कशाला?" त्यांनी कागद फाडायला घेतला.

ताईने मान खाली घातली. बाबांसाठी तिला आनंद झाला होता, हे खरं होतं. आणि आता पुढची दहा वर्षंही आपण दोरेच घेणार, हेही खरं होतं. दोन्ही गोष्टी छातीत मावेनात. टेबलावरचा आपला तुकडा तिने हळूच मुठीत घेतला.

"फाडू नकोस," मास्टर म्हणाले. "दे इकडे."

"आता कशाला? आता तर तुला येतंय."

"म्हणूनच. मघाशी सही केली असती तर ती खोटी ठरली असती." त्यांनी आतोबांकडे हात केला. "पेन्सिल द्या तुमची."

त्यांनी 'प्रकृतीच्या कारणास्तव' खोडलं. 'स्वखुशीने' खोडलं. पुतण्याचं अख्खं वाक्य खोडलं, तेव्हा मीटरने मोठा सुस्कारा टाकला. खाली सही केली, लाल पेन्सिलीनेच, आणि सहीच्या शेवटच्या अक्षरालाही ती वळलेली शेपूट आली. मग त्यांनी झग्याच्या वरच्या खिशातून आपला खडू काढला. तो चपटा, तिकोनी, एका बाजूने झिजलेला होता. ताटाशेजारी ठेवायचा तसा त्यांनी तो ठेवला नाही. टेबलाच्या मधोमध ठेवला, दोघांना सारखाच लांब पडेल असा.

"माझं झालं," ते म्हणाले. "मी राजी आहे. ताई, तुला नको असेल तर नको म्हण. मला राग येणार नाही. तुला दुसरं काही करायचं असेल, कुठे जायचं असेल, तर आजच सांग. विचारतोय मी."

काका काहीतरी बोलणार होते, आत्याने त्यांच्या पायावर पाय दिला.

ताई खडूकडे बघत राहिली. दोन वर्षं तो तिला हवा होता. आता कुणी विचारल्यावर तो उचलायची भीती वाटली. घेतला की आयुष्यभर चुका आपल्या. पहाटे येऊन पुसणारं कुणी मागे नाही.

"मी घेतला तर तुम्ही कुठे जाणार?" तिने विचारलं.

"जातोय कुठे? इथेच आहे. गाल लागला तर हाक मार."

"आणि चुकले तर?"

"सगळ्यांना गोळा करून उसवायचं. पण त्याच दिवशी सांगायचं," मास्टर म्हणाले. "बुधवारचं रविवारी नाही."

ती मान हलवून हसली, डोळे पुसले, त्यामुळे गालावर लाल लव चिकटली. आपला तुकडा तिने खिशात टाकला आणि मधला खडू उचलला. "घेते," ती म्हणाली. "मला हवा होता."

पट्ट्याचं खालचं टोक तिने बोटांनी एकदाच चाचपलं, कोपरा उलटा दुमडला आणि पाठीवर बाण काढला. सरळ, एका ओढीत. मास्टरांचा हात नकळत उचलला गेला, हवेत थोडा वळला, बाणाच्या टोकाशी शेपूट काढायला. तो हात आपला आहे हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तो खिशात घातला.

"बाबा," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज त्या मखमलीतही स्वच्छ ऐकू आला, "पट्टा जागेवर न्यायचाय. ते टोक धरा."

"कुठलं?"

"तुमच्याकडचं. आणि जमिनीला लागू देऊ नका."

मास्टरांनी हात खिशातून काढला आणि टोक धरलं.